मिस्टेकन पॉइंटचे स्तरपृष्ठ : एका क्षणाचे चित्र?

कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील मिस्टेकन पॉइंट शैलसमूह खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा बनलेला आहे. मेमोरिअल विद्यापीठातील भारतीय विद्यार्थी शिवबालक मिश्र यांना १९६७ साली तेथे पर्णाकृती व चातीच्या आकाराचे जीवाश्म आढळले. सुमारे ५६.५ कोटी वर्षांपूर्वी हे मृदुकाय जीव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले व त्यांचे ठसे जागच्या जागी राहिले.

राख अकस्मात पडली. यास्तव प्रत्येक स्तरपृष्ठ म्हणजे एका क्षणी जिवंत असलेल्या समुदायाची शिरगणतीच होय, असे विवेचन पुढे रूढ झाले. ते सर्वस्वी निराधार नाही. थरांच्या जाड क्रमात गढूळ प्रवाहांनी आणलेला गाळ वारंवार दिसतो, लाटांच्या खुणा मात्र दिसत नाहीत. पर्णाकृती जीव बुडाशी तळाला चिकटलेले असून प्रवाहाच्या दिशेने आडवे झालेले आहेत. अर्थात ते दुरून वाहत आलेले नाहीत. तथापि ‘एकाच जागी’ यावरून ‘एकाच वेळी’ हा निष्कर्ष आपोआप निघत नाही. राखेने जिवंतांना झाकले, तसेच त्यापूर्वी मेलेल्यांनाही झाकले असणार.

लिऊ, ब्रेझियर प्रभृतींनी २०११ साली नेमक्या याच दुव्यावर बोट ठेवले. आइव्हशेडियासारख्या ओबडधोबड आकृती स्वतंत्र जाती नसून राख पडण्यापूर्वीच कुजू लागलेल्या परिचित जीवांचे अवशेष होत, असे त्यांनी प्रतिपादिले. हे मान्य केल्यास कुजण्याच्या अवस्थांना जातींची नावे मिळून आद्य जटिल जीवांचे वैविध्य फुगविले गेले, असे म्हणणे प्राप्त होते.

मग स्तरपृष्ठावरील मोजमापे व्यर्थ ठरतात काय? तसे नाही. मिचेल व सहकाऱ्यांनी २०१५ साली फ्रॅक्टोफ्यूससच्या स्थानांचे गणिती विश्लेषण केले. लहान जीव मोठ्यांभोवती पुंजक्यांनी आढळतात. त्यावरून धावत्या खोडासारख्या तंतूंनी प्रजनन होत असावे, असे त्यांनी अनुमानिले. हे अनुमान सुस्पष्ट ठशांच्या एकाच प्रजातीपुरते असल्यामुळे उपरोक्त आक्षेपाने ढळत नाही. संपूर्ण समुदायाची घनता व जातिसंख्या सांगणारी विधाने मात्र ढळतात.

सारांश, या शैलसमूहाचे मोल कमी होत नाही. वाचनाची शिस्त तेवढी वाढते. प्रथम जिवंत व मृत यांची निवड, मग गणना, हा क्रम पाळल्यावाचून तेथील आकडे विश्वासार्ह ठरणार नाहीत.