कोन म्हणजे नक्की कुठलं कोन?

मागच्या पोस्टमध्ये कबूल केलं होतं की गायत्रा बहादूर यांच्या 'कूली वुमन'बद्दल लिहीन. उशीर झाला, कारण मध्ये माझ्याच हातून एक चूक झाली. आणि ती चूक त्या पुस्तकाशिवाय समजावून सांगता येत नाही.

आधी चूक सांगतो. मी कोनचा. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की जे गोदामांचं, लूमांचं आणि सध्या मेट्रोच्या खांबांचं गाव लागतं, ते. माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले मराठी करारबद्ध मजूर. मागच्या वर्षी मॉरिशसचं एक मराठी कुटुंब इकडे आलं होतं. त्यांच्याकडे पणजोबांच्याही आधीच्या पुरुषाच्या नोंदीचा उतारा होता, 1850 च्या दशकातला. इंग्रजी लिपीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, कपाळावर व्रण. जातीच्या रकान्यात 'मराठा'. गावाच्या रकान्यात 'कोने' आणि जिल्हा 'टान्ना'.

टान्ना म्हणजे ठाणे. कोने म्हणजे कोन. आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी त्यांना गावभर फिरवलं. देवळात नेलं, खाडीच्या बाजूला नेलं. त्यांनी प्लास्टिकच्या डबीत माती भरून घेतली. आमच्या आळीतली एक आजी त्यातल्या धाकट्या मुलीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आपल्यासारकीच दिसतं." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

आता पुस्तकाकडे येतो. बहादूर मूळच्या गयानाच्या, लहानपणी अमेरिकेत गेलेल्या, पेशाने पत्रकार. त्यांची पणजी सुजरिया 1903 साली कलकत्त्याहून 'क्लाइड' जहाजाने गयानाला गेली. एकटी, पोटुशी. मूल वाटेत, जहाजावरच झालं. ती घरातून का निघाली, हे कुठल्याच कागदावर नाही. 2013 साली आलेल्या या पुस्तकाचं बळ इथे आहे: लेखिका ती पोकळी गोष्ट रचून भरत नाही. नवऱ्याने टाकलं होतं का, विधवा होती का, कुणी फसवून नेलं की स्वतःच्या पायांनी गेली, असे प्रश्न एकापाठोपाठ एक मांडत जाते. काही पानं नुसती प्रश्नांचीच आहेत. पहिल्यांदा वाचताना मी वैतागलो होतो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की दप्तरात जे नाही ते 'नाही' म्हणून दाखवायचा याहून प्रामाणिक मार्ग निदान मला तरी माहीत नाही.

पण माझी तक्रार आहे, आणि ती चुकीनंतरच सुचली. बहादूर यांना 'का?' हा प्रश्न इतका मोकळेपणाने विचारता येतो, कारण त्यांचा 'कुठून?' बऱ्यापैकी पक्का आहे. कलकत्त्याचा तो परवाना उशिराच्या काळातला. जिल्हा, ठाणं, गाव, जात, जवळचा नातेवाईक, अंगावरच्या खुणा, सगळ्याला वेगवेगळे रकाने. तोवर सत्तरएक वर्षं माणसं मोजून मोजून कारकुनांचा हात बसलेला होता. त्या पत्त्यावर विसंबून लेखिका बिहारमधल्या गावापर्यंत जाऊ शकते. कागद लिहिणाऱ्यांच्या पूर्वग्रहांवर ती भरपूर बोलते. बायकांविषयी साहेब आणि डॉक्टर काय काय लिहून ठेवतात, त्याची तिने केलेली चिरफाड वाचण्यासारखी आहे. पण गावाच्या रकान्यावर तिचा संशय फारसा जात नाही. जायची तिला गरजही पडली नाही.

आपली गोष्ट उलटी आहे. 1842 मध्ये मॉरिशसला मजूर न्यायला पुन्हा परवानगी मिळाली, तीत कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही होतं. मुंबईहून जाणारी माणसं मुख्यतः कोकणातली आणि घाटावरची, आणि बहुतेक पुढच्या वीसेक वर्षांतच गेलेली. म्हणजे कागद बाल्यावस्थेत असतानाची. पोर्ट लुईला उतरणारा माणूस मराठीत काहीतरी सांगतो, मधला दुभाषी ते कुठल्या तरी तिसऱ्याच भाषेत पुढे सरकवतो, कारकून ऐकू येईल तसं लिहितो. आडनाव नाहीच. म्हणून तिकडे आज पूर्वजाचं पाळण्यातलं नावच आडनाव झालेलं दिसतं. कित्येकांच्या गावाच्या रकान्यात नुसतं 'बॉम्बे' आहे. जातीच्या रकान्यातलं 'मराठा' हे पुष्कळदा 'मराठी बोलणारा' एवढंच सांगतं. त्यात आगरी, कुणबी, महार कुणीही असू शकेल. (आमच्याकडे अजून 'कोण'ला 'कोन'च म्हणतात. कारकुनाने गाव विचारल्यावर गोंधळलेला माणूस "कोन? मी?" म्हणाला असेल, हा विनोद मी मित्रांना सांगतो. पुरावा म्हणून नाही.)

आता चुकीचा गाभा. कोन एकच नाही. पनवेलजवळही कोन आहे. गिरणी कामगारांच्या म्हाडाच्या सोडतीतली घरं आली तेच. मी ते मनातल्या मनात बाद केलं होतं, कारण पनवेल रायगडात, म्हणजे जुन्या कुलाब्यात, आणि नोंदीत तर ठाणे लिहिलंय. पण पनवेल तालुका कुलाब्यात गेला तो 1883 साली. त्याआधी तो ठाणे जिल्ह्यातच होता. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंय मी! फक्त त्या दिवशी, आपल्या गावाचं नाव समोर दिसताना, आठवायचं नव्हतं.

मग काय करायचं? इथे मरीना कार्टर यांचं काम उपयोगी पडतं. 'सर्व्हंट्स, सरदार्स अँड सेटलर्स' (1995) मध्ये त्या दाखवतात की मॉरिशसहून परतलेली माणसंच पुढे आपल्या भागातल्या लोकांना घेऊन जात. म्हणजे टोळीतली माणसं जहाजावर आणि नोंदवहीतही बऱ्याचदा लागोपाठ येणार. तेव्हा एकटी नोंद वाचायची नाही, वरच्या-खालच्या वाचायच्या. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिशसची ही दप्तरं आहेत. मी त्या कुटुंबाला शेजारच्या क्रमांकांचे उतारे काढायला सांगितले. वर दोन 'बॉम्बे', एक न वाचता येणारी. खाली 'पानवेल'. त्याच्याखाली पुन्हा 'पानवेल'.

हा निकाल नाही. पण पारडं कुठे झुकतंय ते तुम्हालाही दिसतंय.

आपल्या बाजूने ताळा घ्यावा म्हटलं तर काय आहे? गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हा शब्द 2023 पासून घराघरांत गेलाय. पण ही जन्म-मृत्यूची वही. गाव सोडून गेलेल्या जिवंत माणसाला तिच्यात रकानाच नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत सापडेल का? घरच्या कुणी तिथे जाऊन त्याचं नाव सांगितलं असेल तरच. 'गेला तो गेला' म्हणून घराने तोंड मिटलं असेल तर नाही. मजूर कसे गेले यावर ग्रंथ आहेत. ज्या घरातून गेले ते घर मागे काय म्हणत राहिलं, याबद्दल मराठीत वाचायला फार थोडं आहे. बहादूर यांच्या प्रश्नांची ती पानं या बाजूने लिहून पाहायला हवीत. आईला कधी कळलं? शेत कुणी कसलं? बायकोने कुंकू ठेवलं की पुसलं?

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? त्यांना एक गाव मिळालं, आनंद झाला, सोडून द्या. पण आता यात कागदही आलाय. मार्च 2024 मध्ये मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याची घोषणा झाली. अशा वेळी 'मूळ गाव' म्हणून मी उत्साहात सांगितलेलं नाव उद्या कुणाच्या तरी अर्जावर चढेल, तिथून पुढच्या पिढीच्या कागदावर. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने निदान ऐकून तरी लिहिलं होतं.

गेल्या रविवारी पनवेलच्या कोनला जाऊन आलो. इमारती, रस्ता, चहाची टपरी. टपरीवाल्याला विचारलं, इथून कुणी फार पूर्वी बोटीने परदेशी गेल्याचं ऐकलंय का? तो म्हणाला, "जुनी माणसं आता र्‍हायली कुठं?" मग दोन नावं सांगितली, दोघंही गणपतीनंतर भेटतील.

रात्री त्या कुटुंबाला लांबलचक मेसेज लिहिला, 1883 चं सगळं समजावून. डबीतल्या मातीबद्दल काय लिहावं ते कळेना, म्हणून तेवढं वाक्य गाळलं. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.