‘एरुडाइट’ आणि ‘व्युत्पन्न’ : विद्वत्तेच्या अर्थाचा विचार

इंग्रजीतील ‘एरुडाइट’ या विशेषणाला मराठीत ‘विद्वान’, ‘बहुश्रुत’, ‘व्युत्पन्न’ असे प्रतिशब्द दिले जातात. व्यवहारात ते एकमेकांच्या जागी येत असले, तरी त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. त्यांपैकी मूळ लॅटिन अर्थाला जवळचा शब्द कोणता, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

‘एरुडाइट’चे मूळ ‘एरुदिरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. ‘एक्स’ म्हणजे ‘बाहेर’ आणि ‘रुदिस’ म्हणजे ‘ओबडधोबड, संस्कार न झालेले’. इंग्रजीतील ‘रूड’ हा शब्दही ‘रुदिस’वरूनच आला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी माहितीचा साठा नसून ओबडधोबडपणातून बाहेर काढण्याची, घडवण्याची क्रिया आहे. इ. स.च्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने ‘ह्युमानितास’ची सांगड ग्रीक ‘पायदेइया’शी घातली, तेव्हा तिचा अर्थ सांगताना ‘एरुदितिओ’ हा शब्द योजला.

याउलट ‘विद्वान’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूवरून, तर ‘बहुश्रुत’ हा पुष्कळ ऐकलेल्या व्यक्तीवरून आला. दोहोंत भर ज्ञानाच्या संचयावर आहे. ‘व्युत्पत्ती’संबंधी मात्र राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त दोन मते नोंदविली आहेत. आचार्यांच्या मते व्युत्पत्ती म्हणजे बहुज्ञता. राजशेखराच्या स्वतःच्या मते उचित-अनुचिताचा विवेक. हा दुसरा अर्थ लॅटिन शब्दाच्या अधिक निकट आहे.

तथापि मराठी परंपरेने या शब्दालाही सूट दिलेली नाही. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकातील दहाव्या समासात रामदासांनी पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. तेथील पढतमूर्ख बहुश्रुत आणि व्युत्पन्न असूनही दुराशा व अभिमान बाळगतो. लॅटिनच्या परिभाषेत, त्याने ज्ञान मिळविले, पण त्याच्यातील ‘रुदिस’ तसाच राहिला. येथे ‘व्युत्पन्न’ हा शब्द बहुज्ञतेच्या अर्थानेच आला आहे, हे उघड आहे.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या विनियमांनी अध्यापकाचे शैक्षणिक कार्य गुणांत मोजण्याची पद्धत आणली. गुणांकनाला संचय मोजता येतो. विवेक मोजता येत नाही. म्हणून ‘एरुडाइट’साठी ‘व्युत्पन्न’ हा प्रतिशब्द स्वीकारताना राजशेखराचा अर्थ गृहीत धरावा लागेल. अन्यथा शब्द बदलेल, पण रामदासांनी दाखविलेला दोष कायम राहील.