दोर वळणाऱ्याचे चित्र

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात चित्रांचे एक छोटे प्रदर्शन भरले होते. विषय होता 'कारागीर आणि त्याचे काम'. मी मराठी शिकवतो, चित्रकलेतले मला फार कळते असा माझा दावा नाही. पण त्या प्रदर्शनात माझे चुलते होते, म्हणून हे लिहिणे भाग आहे. चाकावर कुंभार, ऐरणीपाशी लोहार, मागावर विणकर, रंधा मारणारा सुतार. आणि शेवटच्या रांगेत कोळशाने काढलेले आमचे नाना. मांडीवर वाख, दोन्ही तळव्यांत पीळ. खाली शीर्षक होते 'दोर वळणारा मांग'. बाकीच्या चित्रांखालीही धंदाच लिहिला होता. परंतु कुंभार म्हटल्याने कोणाची मान खाली जात नाही.

चित्र काढणारी मुलगी गुणी आहे. तिच्या मनात वाईट काही नव्हते, आणि नेमकी हीच गोष्ट मला विचार करायला लावते. हा दोष एका विद्यार्थिनीचा नाही, ती ज्या दृष्टीची वारस आहे त्या दृष्टीचा आहे.

ही दृष्टी कुठून आली? मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात 1865 पासून शिकवणारे जॉन लॉकवुड किपलिंग 1870 मध्ये सरकारी कामगिरीवर उत्तर हिंदुस्थानात हिंडले आणि त्यांनी कारागिरांची चित्रे काढली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ही चित्रे वाईट नाहीत. माणूस बसतो कसा, हत्यार कोणत्या बोटांत धरतो, हे किपलिंगने आदराने पाहिले आहे. आमच्याकडच्या किती चित्रकारांनी तेवढे पाहिले? पण त्यांतल्या प्रसिद्ध चित्राची ओळख आपण वाचतो ती एवढीच : लाकूड कोरणारा, सिमला, 1870. त्या माणसाला मजुरी काय मिळत होती, आपल्या मुलाने हेच करावे असे त्याला वाटत होते काय, हे चित्र विचारीत नाही. विल्यम जॉन्सनने तर 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, त्यांत माणसे एकीकडे टिपली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडला! जात खरी, जागा खोटी.

याच्या आधीचे एक उदाहरण मला मोलाचे वाटते. पुण्याच्या गंगाराम तांबटाने पेशवाईच्या उत्तरकाळात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी चित्रे काढली. वेरूळची लेणी काढली, 1790 मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. आडनावच ज्याचे धंद्याचे, त्याने हातात कागद घेतला की तो काय पाहतो, हा प्रश्न आमच्या कलासमीक्षेने फारसा विचारलेला नाही. आमच्या प्रदर्शनातल्या त्या रांगेत एकाही कारागिराच्या मुलाचे चित्र नव्हते, हे मी मुद्दाम विचारून घेतले.

आता कार्यशाळेकडे येऊ. कारागिराचे चित्र म्हटले की छप्पर, भिंतीवर टांगलेली हत्यारे, दारातून येणारा उजेड हे सारे गृहीत असते. मांगाला असले छप्पर कुठे होते? घायपाताची पाने ओढ्याच्या डबक्यात कुजत घालायची, आठवड्या-दोन आठवड्यांनी त्या घाणीत उतरून बडवायची, धुवायची, तेव्हा वाख निघतो. अंगाला खाज सुटते ती रात्रभर. आजोबा मोटेचे नाडे वळायचे. नाड्याला लांबी लागते, म्हणून ते काम मांगवाड्यापुढच्या उघड्या माळावर, निंबाच्या झाडाला दोर बांधून. त्याबद्दल सुगीला खळ्यावर बलुते, तेही पाटलाच्या मर्जीने. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात बलुतेदारांची कामे मोठ्या बारकाईने नोंदलेली आहेत. पण तिथेही बलुतेदार हा बहुतांशी कुणब्याच्या डोक्यावरचा भार म्हणून दिसतो. हिशेब खळ्याच्या मालकाच्या बाजूने मांडला की असेच दिसणार.

महारांचे तर आणखी वेगळे. त्यांचे काम म्हणजे अख्ख्या गावाची धावपळ, त्याला ना माग ना ऐरण. कोणता चित्रकार ते काढणार? ते काम आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी केले. 'बलुतं' (1978) मध्ये गावकीच्या कामांना चेहरा, भूक आणि शरम मिळाली. मी त्याला व्यक्तिचित्रणाचा धडा मानतो. अण्णा भाऊंनी 'फकिरा'त (1959) मांगाला दोरामागून उठवून लढायला उभे केले. त्याची गरज होतीच. तरी दोर वळणारे हात त्यात मागे राहिले, अशी माझी एक जुनी तक्रार आहे.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिनिर्मूलन' या भाषणात दाखवून दिले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. कारागिराच्या देखण्या चित्रात ही विभागणी 'वारसा' होऊन बसते. कौशल्य हातात दिसते, सक्ती दिसत नाही.

नानांना मी प्रदर्शनाला घेऊन गेलो होतो. ते बराच वेळ चित्रापुढे उभे राहिले. मग म्हणाले, "हात ब्येस काढलेत पोरीनं. पर ह्ये काम सुटलं तव्हा मला किती बरं वाटलं हुतं, ते कुठं हाय ह्यात?"

खरी गोष्ट अशी की नायलॉनचा दोर आठवडे बाजारात आला तेव्हाच नानांनी वाख सोडला. मुलीने आग्रह केला म्हणून आढ्याला खोचलेला जुना वाख त्यांनी काढला आणि तिच्यासाठी दुपारभर वळत बसले. त्यांचे खरे आयुष्य गेले कोयत्यावर. पाथर्डीहून निघायचे, मुकादमाची उचल अंगावर घेऊन बावीस हंगाम साखर कारखान्यांच्या फडात. ऊस बुडख्याशी तोडायचा, वाढे सपकन उडवायचे, मोळी अशी बांधायची की गाडीत चढवताना सुटू नये. मोळीची ती गाठ मी लहानपणी पाहिली आहे. तिच्यात नाड्याचाच हात होता. पण ऊसतोड्याला कारागीर कोण म्हणतो?

मुलीला मी हे सांगितले. तिने वाद घातला, "सर, मग जुने काम कोणी काढायचेच नाही का?" प्रश्न चुकीचा नव्हता. काढावे. पण खाली माणसाचे नाव असावे, आणि ते काम त्याने का सोडले हे काढणाऱ्याला ठाऊक असावे. दुसऱ्या दिवशी तिने शीर्षक खोडून नानांचे पूर्ण नाव लिहिले. आता तिला कोयत्याचे चित्र काढायचे आहे. त्यासाठी दिवाळीनंतर पहाटे अंधारात फडात जावे लागेल, आणि तिथे तिच्यासाठी कोणी एका जागी बसून राहणार नाही.