नांगराच्या तासात गडप झालेला नायक

पोवाड्याचा नायक रणात पडतो, गडावर पडतो, नाहीतर दगाफटक्याने मारला जातो. गढवालच्या ‘जीतू बगड्वाल’ या पवाड्याचा नायक भाताच्या खाचरात पडतो. हातात तलवार नाही, नांगराचं रुमणं आहे. समोर शत्रूही नाही. ज्या नऊजणी त्याला न्यायला येतात त्या त्याच्या मुरलीवर भाळलेल्या आहेत. बैलजोडीसकट तो चिखलात गडप होतो आणि बांधावर उभी असलेली बहीण बघत राहते. टिहरी, पौडी, चमोली, रुद्रप्रयाग, उत्तरकाशी या जिल्ह्यांच्या डोंगराळ मुलखात हा पवाडा गातात, नाचतात आणि ज्याचा पवाडा त्याला देव म्हणून अंगात आणतात.

गढवालात लढवय्यांचे पवाडे नाहीत असं नाही. तीलू रौतेली आहे, कफ्फू चौहान आहे, माधोसिंह भंडारी आहे. पण गंमत अशी की माधोसिंहासारखा सेनापतीसुद्धा लोकांच्या तोंडी राहिला तो मलेथा गावच्या शेतांवर डोंगर फोडून पाणी आणणारा म्हणून. उतारावर पायऱ्या कोरून भात पिकवणाऱ्या माणसांनी पराक्रमाची व्याख्या आपल्या सोयीने केली. जीतूची गाथा त्या व्याख्येचं टोक आहे.

कथा थोडक्यात अशी. जीतू हा गमरी पट्टीतल्या बगूडी गावचा, खाऊनपिऊन सुखी, देखणा आणि मुरलीचा वेडा. भाताच्या लावणीचे दिवस आलेत. ब्राह्मण मुहूर्त काढून देतो, आषाढाची सहा गते. गढवालात महिना संक्रांतीपासून मोजतात, म्हणजे आपला जूनचा तिसरा आठवडा. अट एकच. लावणीची सुरुवात जीतूची बहीण शोभनी हिच्या हातून व्हायला हवी. शोभनी रैथलला दिली आहे. जीतू तिला आणायला निघतो. निघताना शेळी शिंकते, आई अडवते, तो ऐकत नाही. वाटेत खैट पर्वताच्या रानात दम खायला टेकतो आणि मुरली ओठांना लावतो. ते सूर ऐकून नऊ बहिणी आछरी येतात. त्या त्याला न्यायलाच निघतात. तो वचन देऊन सुटका करून घेतो, बहिणीला घेऊन घरी येतो, आणि सहा गते उजाडते.

एवढ्यावर कुणी म्हणेल, परीकथाच की! तशी ती होत नाही याचं कारण गाथेची बांधणी. दिवस पहिल्याच टप्प्यात ठरला आहे. ऐकणाऱ्याला तो ठाऊक आहे, जीतूला ठाऊक आहे आणि पुढे आछरींनाही ठाऊक होणार आहे. लावणीचा मुहूर्त आणि मरणाचा मुहूर्त एकाच तिथीवर आणून ठेवायचे आणि मग नायकाला त्या तिथीकडे आपल्या पायांनी चालत न्यायचं, ही करामत कुठल्याही कसलेल्या नाटककाराला हेवा वाटावा अशी आहे. शुभ आणि अशुभ असे दोन वेगळे दिवस इथे नाहीत.

आता जीतूचं निघणं पाहा. आपल्याकडे सासुरवाशिणीला माहेरी आणायला जाणाऱ्या भावाला मुराळी म्हणतात. जीतू मुराळी होऊन निघतो, पण त्याच्या मनात आणखी एक काम आहे. रैथललाच भरणा राहते. कुणी तिला शोभनीची नणंद म्हणतं, कुणी जीतूची मेहुणी, पण त्याचं मन तिच्यात गुंतलंय हे ठरलेलं. बहिणीला आणणं हे कर्तव्य आणि भरणाला बघणं ही ओढ, दोन्ही एकाच वाटेवर आहेत. आईने अडवलं तेव्हा त्याला थांबता आलं असतं, दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. तो थांबत नाही. यात बहिणीची माया किती आणि भरणाची ओढ किती, याचा हिशेब गाथा मांडत नाही. एखाद्या बोधकथेने इथे लगेच बोट उगारलं असतं की पाहा, परस्त्रीच्या नादाने गेला. या गायकांना असली घाई नाही. जीतूला ते दोष देत नाहीत आणि त्याची सफाईही देत नाहीत. माणूस एका कामाला निघतो तेव्हा त्याच्या मनात चार कामं असतात, एवढं शहाणपण गृहीत धरून गाथा पुढे सरकते.

शिवाय त्याच्यावर जे ओढवतं ते भरणामुळे नाही, मुरलीमुळे ओढवतं. कथेचा हा खरा मोड आहे. ऐकायला कुणी नाही अशा ठिकाणी जीतू वाजवायला बसतो. भरणासाठी तो वाजवत नाही, देवासाठीही नाही. चढाने पाय भरून आलेत, सावली आहे, हाताशी मुरली आहे, म्हणून वाजवतो. ‘नौसुरी मुरली’ हे तिचं ठरलेलं विशेषण. नऊ सुरांची मुरली आणि नऊ बहिणी, हा मेळ लोकगायकांनी सहज जुळवून टाकला आहे. मुरली ऐकून बायका भान विसरून रानात धावत येतात, हे चित्र कृष्णकथेने भारतभर पोचवलं. गढवाली गायक तेच चित्र घेतो आणि फिरवतो. इथे बोलावणारा सापडतो आणि धावत आलेल्या त्याचा ताबा घेतात.

या आछरी कोण? डोंगररानातल्या पऱ्या. अकाली गेलेल्या मुलींचे आत्मे त्यांच्यात जाऊन मिळतात अशीही समजूत आहे. उंच शिखरं आणि बुग्याल, म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणारी कुरणं, ही त्यांची राहण्याची जागा. तिथे भडक रंगाचे कपडे घालून जाऊ नये, ओरडू नये, वाद्य वाजवू नये, असं गावातली वडीलधारी माणसं आजही बजावतात. आपल्याकडे विहिरीवर आणि नदीच्या डोहावर साती आसरा असतात, त्यांना हिरवा चुडा आणि ओटी जाते, त्या घराण्यातल्याच या. फरक इतकाच की आपल्या आसरा पाण्यात, यांचं ठाणं शिखरावर. दोघींनाही दुष्ट म्हणता येत नाही. त्यांना जे आवडतं ते त्या घेऊन जातात. खैटवरच्या प्रसंगात त्या जीतूचं रक्त शोषू लागतात असं सांगतात. तेव्हा तो कुलदैवताचा धावा करतो, तात्पुरता सुटतो आणि मग सौदा करतो.

गाथेतली सगळ्यात मोलाची जागा मला हीच वाटते. मरण समोर उभं असताना माणूस काय मागेल? शंभर वर्षं मागेल, म्हातारपण मागेल, निदान भरणाची भेट मागेल. जीतू लावणीपर्यंतची मुदत मागतो. सहा गतेला मी शेतात असेन, तिथून मला न्या. तो आयुष्य मागत नाही, हंगाम मागतो. शेतकऱ्याच्या मनाचा इतका नेमका ठाव घेणारी कल्पना लोकसाहित्यातसुद्धा विरळाच. रोपं तयार आहेत, पाणी सुटलं आहे, बहिणीला आणायचं आहे. हे सगळं अर्धवट टाकून मरायला त्याला सवड नाही.

मग येतो परतीचा प्रवास. शोभनी माहेरी निघाली आहे. गढवाली गीतांमधला अर्धाअधिक जीव माहेरच्या आठवणीत अडकलेला असतो, त्यामुळे मुराळी आलेला पाहून तिला काय वाटलं असेल हे गायकाला वेगळं सांगावं लागत नाही. भाऊ गप्प आहे. का गप्प आहे हे तिला माहीत नाही, ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शुभ हात म्हणून जिला आणलं तिलाच भावाचा शेवट बघावा लागणार आहे. गाथेतलं सर्वांत मोठं दुःख जीतूच्या वाट्याला आलेलं नाही, ते शोभनीचं आहे.

आणि शेवटी शेत. हा भाग ऐकण्यापेक्षा पाहण्याचा. गावोगाव होणाऱ्या बगड्वाल नृत्यात रोपणीचा दिवस हा कळस असतो, त्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं लोटतात. आवारात नाहीतर शेतातच खेळ मांडतात. माणसंच बैल होतात, खांद्यावर जू घेतात. नांगर येतो, रोपांच्या जुड्या येतात. ढोल आणि दमाऊ वाजत असतात. जीतूचा संचार ज्याच्या अंगात होतो तो पश्वा नांगर धरतो, आछरींचे पश्वे त्याच्याभोवती फिरू लागतात. प्रेक्षकांत एकालाही शेवट नवा नसतो, तरी तासामागून तास पडू लागले की आवाज बंद होतात. नांगर थांबत नाही, हे इथे मला महत्त्वाचं वाटतं. आछरी आल्या म्हणून जीतू पळत नाही, देवाला हाका मारत नाही. तो औत हाकत राहतो. खैटवर गयावया करणारा माणूस आपल्या शेतात उभा राहिल्यावर वचनाला जागतो. त्याला मोठं करायला गाथेला यापलीकडे काही करावं लागत नाही.

यानंतरचा भाग मात्र सैल आहे. जीतू गेल्यावर घराची वाताहत होते, भाऊ मारला जातो, जीतू अदृश्य राहून घराला हात देतो, राजाला त्याची प्रचीती येते आणि मग मुलखात त्याची पूजा सुरू होते. गडप झालेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवायला हा पूल हवा होता, म्हणून तो बांधला गेला. कथा म्हणून ती चिखलाशीच संपते. पण जागर घालणाऱ्यांना हा भाग टाळता येत नाही, कारण त्यांना गोष्ट सांगायची नसते, देव बोलवायचा असतो.

ही गाथा ज्यांनी सांभाळली ते औजी, बाजगी, दास हे ढोल वाजवणारे समाज. गावगाड्यात त्यांना बसायला जागा खालची. पण देव अंगात आणायचा तर ढोल त्यांच्याच हातचा लागतो. शिवपार्वतीच्या संवादातून वादनविद्या सांगणारा ‘ढोल सागर’ त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या तोंडपाठ चालत आला. गोविंद चातक यांच्यासारख्या अभ्यासकांनी गढवाली लोकगाथा गोळा करून छापल्या. जागर गाणाऱ्या बसंती बिष्ट यांना २०१७ मध्ये आणि प्रीतम भरतवाण यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी या गाथेची एक अशी अधिकृत संहिता नाही. प्रत्येक खोऱ्यात ती थोडी वेगळी आहे, आणि ती तशीच असावी.

भाषेबद्दल दोन शब्द. ग्रिअर्सनने आपल्या भाषा सर्वेक्षणात गढवालीला कुमाऊंनीबरोबर मध्य पहाडी गटात ठेवलं, आणि अलकनंदेकाठच्या श्रीनगरची बोली तिच्यात प्रमाण मानली जाते. मराठी कानाला ती हिंदीपेक्षा जवळची वाटते. ‘मी’ला ती ‘मि’ म्हणते, तिच्यात ळ आहे, आणि भविष्यकाळ आपल्यासारखाच ‘ल’ने होतो. ढोलाच्या ठेक्यावर हे ळ आणि ण आपटत येतात तेव्हा नांगराच्या प्रसंगाला जो खडबडीतपणा येतो तो हिंदी सारांशात गुळगुळीत होऊन जातो. २०११ च्या जनगणनेत गढवाली ही मातृभाषा सांगणारे २४,८२,०८९ लोक होते. सरकारी तक्त्यात ते हिंदीखाली मोजले गेले. आठव्या अनुसूचीत गढवालीला अजून जागा नाही आणि युनेस्कोने तिला धोक्याच्या वाटेवरच्या भाषांमध्ये धरलं आहे. त्यात डोंगर ओस पडताहेत. उत्तराखंडाच्या पलायन आयोगाने २०१८ च्या अहवालात सांगितलं की २०११ नंतर राज्यातली ७३४ गावं पूर्ण रिकामी झाली. लावणीला हातच उरले नाहीत तर लावणीपर्यंतची मुदत मागणाऱ्या नायकाचं दुःख नव्या पोरांना कळायचं कसं?

म्हणून ही गाथा केवळ ‘पऱ्यांनी पळवलेला बासरीवाला’ म्हणून सांगितली जाते तेव्हा वाईट वाटतं. पर्यटनाच्या जाहिरातींत खैट हा ‘पऱ्यांचा डोंगर’ झाला आहे, आणि नांगर त्या चित्रातून केव्हाच गळला. वास्तविक ही कथा शेतकऱ्याची आहे. भारतीय मौखिक परंपरेतल्या अव्वल शोकांतिकांमध्ये तिची गणना व्हायला हवी.

दरवर्षी हजारो मराठी माणसं केदार-बद्रीला जातात, ती याच मुलखातून. पुढच्या खेपेला गाडीचा चालक गढवाली निघाला तर त्याला जीतू बगड्वालबद्दल विचारा, आणि हिंदीत नको, तुमच्या भाषेत सांगा म्हणा. शब्द सगळे कळणार नाहीत. सहा गते आली की तेवढं कळेल.