कुटुंबेतिहास आणि जनुकीय पुरावा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा

कुटुंबेतिहासाच्या संशोधनात ऑटोसोमल डीएनए चाचणीस निर्णायक मानण्याची प्रवृत्ती चिकित्सेस पात्र आहे. लिंगगुणसूत्रे वगळता उर्वरित 22 जोड्यांतील समान अंशावरून ही चाचणी नाते अनुमानिते. सख्ख्या चुलत भावंडांत हा अंश सरासरी 12.5 टक्के असतो. मात्र या गणितात पूर्वज परस्परांचे नातलग नसल्याचे गृहीत असते. यवतमाळ जिल्ह्यातील गोंड समाजात आते-मामे भावंडांच्या विवाहाची परंपरा आहे. अशा वंशावळीत एकच पूर्वज अनेक शाखांनी येतो आणि दूरचे नाते जवळचे भासते. लालजी सिंह, के. थंगराज आदींच्या 2009 मधील अभ्यासानेही भारतीय समूहांतील अंतर्विवाहाचा जनुकीय ठसा दाखविला आहे.

शिवाय चाचणी पूर्वजाचे नाव, गाव वा कुळ सांगत नाही. त्यासाठी गोंडांचे परंपरागत वंशकथनकार परधान आणि जुन्या महसुली नोंदी यांकडेच वळावे लागते. जमात-पडताळणीत वंशावळीवर शिक्षण व नोकरी अवलंबून असते. तेथे आप्तभाव चाचणीही अंतिम कसोटी नव्हे, संविधानपूर्व दस्तऐवजांचे मूल्य अधिक, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले. जनुकीय चाचणीचे स्थानही म्हणूनच पूरक पुराव्याचे राहावे.