मुसील, नारद आणि विहिरींतलें पाणी

बौद्ध मतांत बोध शब्दानें होतो कीं साधनेनें, असा प्रश्न निघाला म्हणजे संयुत्तनिकायांतील कोसंबिसुत्ताचा दाखला देण्याची वहिवाट आहे. लुई द ला व्हाले पूसँ यांनीं १९३७ सालीं मुसील व नारद या भिक्षूंवर निबंध लिहिला. तेव्हांपासून मुसील प्रज्ञामार्गी आणि नारद ध्यानमार्गी, अशी वांटणी रूढ झाली. ती मूळ पाठास कितपत धरून आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

सविट्ठ नांवाचा भिक्षु दोघांसही एकच प्रश्न करितो: श्रद्धा, रुचि, परंपरा व तर्क यांखेरीज तुम्हांस स्वतःचें असें ज्ञान आहे काय? दोघेही होय म्हणतात. 'तर मग आपण अर्हत् आहां,' हें ऐकून मुसील मौन धरितो. नारद तें नाकारितो. त्याचा दृष्टांत असा: तहानलेला वाटसरू रानांतल्या विहिरीशीं आला, पाणी दिसतें, पण दोर नाहीं, पोहरा नाहीं, म्हणून तें अंगास लागत नाहीं. खानदेशांतील वाचकांस हा दृष्टांत फोड करून सांगणें नलगे.

आतां नारदाचें ज्ञान ऐकीव नव्हे; पाणी त्यानें स्वतः पाहिलें आहे. म्हणजे येथील भेद शब्द व साधना यांतला नसून पाहणें व पोंचणें यांतला आहे. मुसीलास ध्यान नव्हतें, असें सुचविणारें एक अक्षरही पाठांत नाहीं. सबब पूसँ यांची वांटणी आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

खरा कलह अंगुत्तरनिकायांतील महाचुंदसुत्तांत आहे. तेथें धम्मयोगी व झायी एकमेकांस हिणवितात, आणि महाचुंद दोघांसही परस्परांची स्तुति करावयास सांगतो. परंतु तेथेंही धम्मयोग्यांची स्तुति पाठांतराकरितां नाहीं, प्रज्ञेनें गंभीर अर्थ भेदून पाहिल्याकरितां आहे. सारिपुत्तास अस्सजीच्या एका गाथेनें मार्ग दिसला, पण अर्हत्त्व पुढें आलें. चुल्लपंथकास चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. तो वस्त्राचा तुकडा चोळतां चोळतां मुक्त झाला. परंतु तो तुकडा हातीं देऊन काय करावें हें बुद्धानें सांगितलें, तें शब्दांनींच.

महाराष्ट्रांत धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनीं हा समन्वय ओळखला होता. ज्यांनीं विशुद्धिमग्गाचें पाठशोधन केलें, त्यांनींच 'समाधिमार्ग' लिहून तो विषय मराठी वाचकांपुढें ठेविला.

आमच्या पहूरजवळून वाहणारी वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांखालून येते. तेथील २६व्या लेण्यांत बुद्धभद्राचा संस्कृत लेख आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत कीर्ति टिकावी म्हणून पर्वतांत स्मारक करावें, असा त्यांतील आशय. १२व्या विहारांत बारा खोल्या असून प्रत्येकींत दोन दगडी ओटे आहेत. लेखाचें वाचन आपण पुनःपुन्हां करितों. ओटे मोजून पुढें जातों. वस्तुतः भिक्षूंच्या नित्याच्या आचाराचा पुरावा लेखापेक्षां ओट्यांतच अधिक आहे.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, ध्यानविषयक पोथीचें वर्णन लिहितांना आदि, अंत व पत्रसंख्या देऊन थांबूं नये. पानांच्या कडांची झीज, समासांतील खुणा, मागाहून घातलेली टिपणें हींही नोंदावीं. पोथी वापरांत होती कीं केवळ पूजेंत, हें त्यांवरूनच कळतें. आणि तें कळल्यावांचून तिच्यांतील शब्दांचें मोल ठरवितां येत नाहीं.