अडीच वर्षांचं गिट ब्लेम

मराठी वृत्तवाहिन्यांवरची निवडणूक-चर्चा हा एक स्वतंत्र कलाप्रकार आहे आणि त्याची समीक्षा कुणीच करत नाही, याचं मला वाईट वाटतं. सिनेमाला स्टार देणारे आहेत, नाटकाला देणारे आहेत. पण रात्री आठच्या चर्चेत रोज सात-आठ माणसं इतकं जीव तोडून काम करतात, त्यांच्या वाट्याला काय येतं? व्हॉट्सअ‍ॅपवरचं एक स्टिकर.

कीर्तनाला जसा पूर्वरंग आणि उत्तररंग, तसे या प्रकाराचेही नियम ठरलेले आहेत. पूर्वरंगात अँकर एक लांबलचक प्रश्न विचारतो, ज्याच्या पोटातच उत्तर असतं. मग कुणीतरी "मला बोलू द्या" म्हणतं. त्यावर दुसरं कुणीतरी "मी तुमच्या वेळी मध्ये बोललो नव्हतो" म्हणतं, आणि हे म्हणत असताना ते मध्येच बोलत असतं. शेवटी एखादा चुकून आकडेवारीकडे वळला, की ब्रेक.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिस ऐरोलीत, घर नेरूळला. माझ्या दिवसाचा बराचसा भाग "तुम्ही म्यूटवर आहात" हे वाक्य ऐकण्यात किंवा म्हणण्यात जातो. संध्याकाळी घरी येऊन ही चर्चा पाहिली की वाटतं, म्यूट या बटणाची आपण उगाच चेष्टा करतो. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी, २० नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत, आमच्याकडे रोज जेवताना हाच कार्यक्रम होता. बाबा मन लावून बघायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, आवाज कमी करा, शेजाऱ्यांना वाटेल आपल्याकडेच चाललंय."

एका रात्री मी वही घेऊन बसलो. पानावर दोन रकाने पाडले: प्रश्न आणि उत्तर. पहिला रकाना पंधरा मिनिटांत भरला. दुसऱ्यात तासाभरानंतर एकच शब्द होता, पण तो इतक्या वेळा आला होता की पुढे मी नुसत्या रेघा मारत गेलो. तो शब्द म्हणजे "अडीच".

गेल्या काही वर्षांच्या महाराष्ट्राच्या राजकारणावर कुणी पीएचडी करणार असेल, तर या एका शब्दावर करावी. २०१९ मध्ये युती तुटली ती अडीच-अडीच वर्षांच्या मुख्यमंत्रिपदावरून. शिवसेना म्हणाली, तसं ठरलं होतं. भाजप म्हणाला, असं काही ठरलंच नव्हतं. मग महाविकास आघाडीचं सरकार आलं, ते जून २०२२ मध्ये पडलं. राहिलं ढोबळमानाने अडीच वर्षं. पुढचं महायुतीचं, निवडणुकीपर्यंत, पुन्हा जवळपास अडीच. (मधलं ऐंशी तासांचं सरकार मी धरत नाही. ते प्रॉडक्शनला गेलं आणि लगेच रोलबॅक झालं.) त्यामुळे चर्चेत कुठलाही प्रश्न आला तरी सत्ताधारी विचारणार, "तुमच्या अडीच वर्षांत काय केलंत?" आणि विरोधक विचारणार, "तुमच्या अडीच वर्षांत काय केलंत?" प्रश्न एकच, आणि दोन्ही बाजूंकडे तो उत्तर म्हणून वापरला जातो.

आमच्या धंद्यात गिट ब्लेम नावाची एक कमांड असते. कोडमधली कुठली ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, ते ती दाखवते. नावात दोषारोप असला तरी तिचा उपयोग वेगळा. ज्याने ओळ लिहिली त्याला गाठायचं, विचारायचं, आणि बग दुरुस्त करायचा. नाव कळल्यावर लॅपटॉप मिटून घरी जायची सोय नसते. टीव्हीवर मात्र ब्लेम झाला की काम संपतं. त्यात काही मंत्री दोन्ही अडीच वर्षांत मंत्री होते, म्हणजे आपल्याच जुन्या ओळींवर नव्या टीमच्या वतीने संतापायचं. हे कौशल्य मला जमलं असतं तर आतापर्यंत मॅनेजर झालो असतो.

आकड्यांवर खरी चर्चा त्या निवडणुकीत एकदाच झाली, आणि तिचं स्वरूप लिलावाचं होतं. लाडक्या बहिणीला १५०० मिळत होते. महायुती म्हणाली २१००. दुसऱ्याच दिवशी महाविकास आघाडी म्हणाली ३०००. पैसे कुठून येणार, हे विचारायला हातोडा घेतलेला माणूस नव्हता. घोषणा तर हिंदीतूनच आल्या: "बटेंगे तो कटेंगे" आणि "एक है तो सेफ है". पहिलीवर खरा आक्षेप अजित पवारांनी घेतला, म्हणजे मुद्द्याचा वाद झाला तो युतीच्या आतच. दुसरीला राहुल गांधींनी प्रचाराच्या शेवटच्या दिवशी मुंबईत पत्रकार परिषदेत चक्क तिजोरी आणून उत्तर दिलं. सेफ म्हणजे तिजोरी, आणि आत धारावीचा नकाशा. कोटी म्हणून ठीक. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नंबर आला असता.

माझं आवडतं वाक्य मात्र कुठल्याच नेत्याचं नाही. राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की घड्याळ वापरा, पण हे चिन्ह न्यायप्रविष्ट आहे असं जाहिरातीत छापा. त्या अख्ख्या प्रचारातलं हे एकमेव वाक्य, ज्याच्या खरेपणाची हमी होती.

समीक्षकाने नुसतीच नावं ठेवू नयेत, म्हणून एक चांगली कलाकृतीही सांगतो. २०१९ ची लोकसभा. राज ठाकरेंच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता आणि ते सभा घेत फिरत होते. "लाव रे तो व्हिडिओ." मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलवर आम्ही या सभा क्रिकेटसारख्या बघायचो. बाकीच्यांना त्यात नक्कल आवडायची. मला तो "रे" आवडायचा. सभेतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस लॅपटॉपपाशी बसलेला, कुणालाही न दिसणारा एक टेक्निशियन होता! त्याची केबल सैल झाली असती तर पक्षाचं धोरण कोसळलं असतं.

त्या प्रयोगाचं मोठेपण असं की दावा आणि पुरावा एकाच पडद्यावर येत होते. सरकार म्हणतं, मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव झालं. ही घ्या जाहिरात. आणि हा जाहिरातीतला तरुण, व्यासपीठावर. याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. भाजपने ते दिलं, आशिष शेलारांनी व्हिडिओ लावूनच दिलं. ते पटलं की नाही हा मुद्दा वेगळा. पण एकाने पुरावा दाखवला आणि दुसऱ्याने पुराव्यानेच उत्तर दिलं, याला मी चर्चा म्हणतो, मग ती दोन वेगळ्या मंचांवरून का असेना.

निकाल काय लागला? ४८ पैकी ४१ जागा युतीला. आणि २०२४ च्या गुढीपाडव्याला शिवाजी पार्कवर राज ठाकरेंनी मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. त्या संध्याकाळी मला राहून राहून त्या लॅपटॉपवाल्याची आठवण येत होती. फोल्डर तर त्याच्याकडे असणारच.

त्याच वर्षी २७ जूनला अमेरिकेत बायडन आणि ट्रम्प समोरासमोर आले. प्रेक्षक नाहीत, आणि एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद. म्हणजे आमची स्टँड-अप मीटिंगच. त्यातून ज्ञानात फार भर पडली असं नाही, पण महिनाभराच्या आत बायडन शर्यतीतून बाहेर पडले. एका चर्चेने उमेदवार बदलला. आपल्याकडे उमेदवार बदलतो, पक्ष बदलतो, चिन्ह बदलतं, पण चर्चेची गरज पडत नाही.

याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही, कारण मी बेलापूर मतदारसंघात राहतो. संदीप नाईक ऑक्टोबरपर्यंत भाजपचे नवी मुंबईचे जिल्हाध्यक्ष होते. बेलापूरची उमेदवारी मंदा म्हात्रेंनाच मिळाल्यावर ते शरद पवारांच्या पक्षात गेले आणि तुतारीवर उभे राहिले. शेजारच्या ऐरोलीत त्यांचे वडील गणेश नाईक कमळावर. लोकलने जाताना मध्ये कुठेतरी पक्ष बदलायचा. मतमोजणी झाली तेव्हा मंदा म्हात्रे ३७७ मतांनी जिंकल्या.

तीनशे सत्त्याहत्तर. सकाळच्या ठाणे लोकलच्या दोन डब्यांत सहज मावतील इतकी माणसं. आणि मी हे दोन उमेदवार एका टेबलाशी बसून गावठाणातल्या गरजेपोटी बांधलेल्या घरांवर, सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासावर किंवा आमच्या तलावातल्या फ्लेमिंगोंवर बोलताना एकदाही पाहिले नाहीत. रिक्षावरची गाणी ऐकली, पत्रकं घेतली, हात जोडलेले फोटो बघितले. त्यात महापालिकेची मुदत मे २०२० मध्येच संपून प्रशासक आलेला. म्हणजे प्रश्न विचारायला नगरसेवकही नव्हता. एका टेबलाशी एक तास बसले असते, तर ३७७ माणसं इकडची तिकडे झाली असती, किंवा जिंकणाऱ्याच्या मतांत आणखी काही हजारांची भर पडली असती. कुठलंही चाललं असतं. मला निदान मत देताना कारण मिळालं असतं. मी दिलं ते पत्रकाच्या छपाईवरून नाही एवढंच सांगतो.

महापालिकेची निवडणूक शेवटी १५ जानेवारी २०२६ ला झाली, २०१५ नंतर थेट तेव्हाच. या वेळी प्रभागात एका मतदाराला चार मतं, त्यामुळे उमेदवारही चौघे-चौघे एकत्र यायचे, सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीला येतात तसे. आमच्याकडे एक पॅनेल आलं तेव्हा तळमजल्यावरच्या काकू दारातच उभ्या होत्या. पुढचा उमेदवार पाया पडायला वाकला.

"अरे, तू मागे वेगळ्या चिन्हावर आला होतास ना?"

"काकू, चिन्ह बदललं, माणूस तोच आहे."

"तोच आहेस म्हणून तर विचारतेय."

तो हसला, मागचे तिघे हसले, एकाने फोटो काढला. मग पॅनेल लिफ्टने वरच्या मजल्यावर गेलं. काकू बराच वेळ दार उघडं ठेवून उभ्या होत्या, खाली उतरतील तेव्हा परत विचारायला.